खुंट्यांना पाय फुटले

नियोजन कार्यालयातली खुंटीताई दिसायच्या आधी ऐकू यायची. जीपच्या मागे लाकडी खुंट्यांचं पोतं. खड्डा आला की खडाडखुड आणि त्याच्यावर चढलेला तिचा आवाज, "अहो, हळू! माझ्या खुंट्या आहेत त्या, बटाटे नव्हेत!"

ड्रायव्हर मान न वळवता म्हणायचा, "बटाटे बरे हो ताई. ते मला ओरडत नाहीत."

ताईचं काम तसं सांगायला सोपं. आसपासच्या गावांत उद्या घरं कुठे वाढतील, शेती कुठे राहील, कारखान्याला जागा कुठली आणि रस्ता कुठून जाईल, हे ठरवायचं. कार्यालयातल्या अख्ख्या भिंतीवर तिचा नकाशा होता. शेती हिरवी, घरं पिवळी, कारखाने जांभळे. साहेब रोज सकाळी त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे राहायचे आणि म्हणायचे, "छान दिसतंय, बरोबर ना?" साहेबांचं प्रत्येक वाक्य 'बरोबर ना' वर संपायचं. ते जेवायला निघाले तरी दारात थांबून विचारायचे, "मी जेवून येतो, बरोबर ना?" आणि कुणीतरी हो म्हटल्याशिवाय त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे.

ताईचा मात्र कागदावर विश्वास नव्हता. "नकाशा दाखवला की सगळे माना डोलवतात," ती म्हणायची. "स्वतःच्या गोठ्यासमोर खुंटी दिसली की मग बघा कशी वाचा फुटते!" म्हणून कुठलाही रस्ता आखायचा झाला की ती आधी लाल डोक्याच्या खुंट्या ठोकत जायची आणि सुनावणीच्या दिवसापर्यंत त्या तशाच ठेवायची. लोकांनी बघाव्यात, अडखळावं, चिडावं आणि मग सुनावणीत येऊन बोलावं.

यंदा आखायचा होता तो तिच्या स्वतःच्याच गावाचा वळणरस्ता.

गावातला मुख्य रस्ता इतका अरुंद, की भरलेला ट्रक आला की पायरीवर गप्पा मारत बसलेली मंडळी न बोलता पाय वर घ्यायची आणि ट्रक गेला की पुन्हा खाली सोडायची. पाहुण्यांना वाटायचं, हा काहीतरी व्यायाम आहे. ट्रक गावाबाहेरून जावेत असं सगळ्यांनाच वाटत होतं. एक माणूस सोडून. ताईचा थोरला भाऊ.

दादाचं टायरचं दुकान गावाच्या टोकाला, रस्त्याला लागून. एक पत्र्याची शेड, हवा भरायचं यंत्र, टायरांची उतरंड आणि एक बाक. ट्रकवाले थांबायचे म्हणून दुकान चालायचं. ट्रक लांबून गेले तर दादाने काय सायकलींत हवा भरायची?

ताईला हे कळत नव्हतं असं नाही. किंबहुना फारच कळत होतं आणि तिथेच घोटाळा झाला. तिने पहिली रेघ काढली ती सरळ, सोपी, कोरड्या जमिनीवरून जाणारी आणि दादाच्या दुकानाजवळच जुन्या रस्त्यातून फुटणारी. मग तिने ती रेघ पाहिली आणि तिच्या कानात गाव बोलायला लागलं. 'वा! बहीण नियोजनात आणि रस्ता भावाच्या दारात!' तिचे कान लाल झाले. तिने खोडरबर घेतलं आणि रेघ ढकलली. थोडी नाही, चांगली पाणथळापर्यंत. आता वळणरस्ता दादाच्या दुकानाच्या अलीकडूनच सुटायचा, गाईंच्या पाण्याच्या वाटेवरून, शाळेच्या मैदानाच्या कडेवरून, बेडकांच्या मधून जायचा आणि पार पलीकडच्या गावापाशी जुन्या रस्त्याला मिळायचा. पण कुणी बोट दाखवणार नव्हतं.

दादाने बोट दाखवलं नाही. त्याने बोलणंच बंद केलं.

दोघांची घरं पाठीला पाठ करून. मधलं अंगण एक, कपड्यांची दोरी एक. आता एकाच अंगणात न बोलता राहायचं म्हणजे मध्ये दुभाषी लागतो. ते काम वहिनींच्या गळ्यात पडलं.

"तिला सांग," ताई समोर उभी असताना दादा बायकोला म्हणायचा, "तिची चादर माझ्या शर्टावर टपकतेय."

"वन्सं, तुमची चादर..."

"ऐकलं मी, वहिनी. त्याला सांगा, शर्ट आधीच काळा आहे, काही कळणार नाही."

"अहो, त्या म्हणतात..."

"मी काही बहिरा नाही!"

"मग मी कशाला मध्ये?" वहिनी टोपली आपटून आत जायच्या. दोघंही मग आपापल्या दाराकडे बघत उभी.

अशात एका सकाळी खुंट्यांना पाय फुटले.

पहिल्यांदा ड्रायव्हरच्या लक्षात आलं. "ताई, काल ही खुंटी बाभळीच्या अलीकडे होती ना? आज पलीकडे कशी?" ताईने टेप लावली. खुंटी खरंच सरकली होती. तिने ती उपटून जागच्या जागी ठोकली. दुसऱ्या दिवशी पुढच्या दोन सरकल्या. त्याही ठोकल्या. मग तर रोजचंच झालं. एक खुंटी शाळेच्या कुंपणाजवळून उठून रस्त्यापलीकडे जाऊन बसली होती, जशी काही शिक्षा झालीय.

"भुताटकी आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"भुताला टेप कशाला लागेल? हे माणसाचं काम आहे आणि माणूस मला माहीत आहे."

ती तरातरा दादाच्या दुकानात गेली. दादा बाकावर बसून ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. वहिनी डबा घेऊन आलेल्या. त्यांनी दोघांचे चेहरे बघितले आणि न सांगता मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, त्याला विचारा, माझ्या खुंट्या का हलवतो?"

दादाने ट्यूब वर काढली. "तिला सांग, मी टायर खोलतो, रस्ते नाही. आणि तिला म्हणावं, माझ्या बाजूची खुंटी जाऊन बघ. मग तोंड उघड."

ताई गेली. दादाच्या शेडच्या थोडं अलीकडे जुन्या रस्त्यातून वळणरस्ता फुटणार होता आणि तिथेच पहिली खुंटी होती. हीच ती खुंटी, जिच्यापासून ट्रक दादाला पाठ दाखवून निघून जाणार होते. ती तसूभरही हलली नव्हती. उलट तिच्याभोवती कुणीतरी जुना टायर ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्या चाकाखाली जाऊ नये म्हणून. टायरला पांढरा रंगही मारला होता, लांबून दिसावा असा.

ताई बराच वेळ त्या टायरकडे बघत राहिली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तेव्हा तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "धूळ किती आहे इथे!"

"काल पाऊस झाला, ताई."

"गप्प बसा."

त्या दिवसापासून तिने खुंट्या परत जागेवर ठोकणं बंद केलं. सरकतायत तर सरकू देत. ती रोज नुसतं मोजायची आणि कार्यालयात येऊन नकाशावर निळा ठिपका द्यायची. सुनावणीच्या आदल्या दिवशी तिने निळे ठिपके जोडले आणि खुर्चीत मागे टेकली. तिला वाटलं होतं वेडीवाकडी नक्षी होईल. तर ती पहिली रेघ होती, तिनेच पुसलेली. सगळ्यांनी खुंट्या एकाच बाजूला सरकवल्या होत्या, कारण दुसऱ्या बाजूला चिखल होता आणि चिखलात खुंटी उभी राहत नाही.

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. साहेबांनी घसा साफ केला. "तर मंडळी, आखणी तुम्ही प्रत्यक्ष पाहिलीय. कुणाची काही हरकत नाही, बरोबर ना?"

दूधवाल्या काकू उठल्या. पदर सावरून, फोटो काढताना उभं राहतात तशा. "विकास झाला पाहिजे. आमची काही म्हणजे काही हरकत नाही." टाळ्या.

शाळेच्या बाई उठल्या. "विद्यार्थ्यांच्या उज्ज्वल भवितव्यासाठी हा रस्ता अत्यंत..." टाळ्या.

बटाटेवाले आजोबा उठले, "मी पण तेच म्हणतो," म्हणाले आणि बसले. सगळ्यात जास्त टाळ्या.

मग ताईने नकाशा टांगला. "लाल ठिपके म्हणजे मी ठोकलेल्या खुंट्या. निळे म्हणजे त्या आज जिथे आहेत त्या जागा. ज्यांची हरकत नाही त्यांनी जरा सांगावं, या चालत कशा गेल्या?"

बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. आजोबांना एकदम खोकला आला.

शेवटी काकूंनाच राहवलं नाही. "ती तिसरी निळी माझी! गाई पाण्याला जायच्या वाटेत ठोकली होतीत, बाई. आमची कपिली रोज तिला अंग घासायची. म्हटलं खुंटी मोडेल, सरकारी वस्तू, म्हणून जरा बाजूला ठेवली."

"जरा?" ड्रायव्हर मागून ओरडला. "अख्खं शेत ओलांडलंत काकू!"

"तुम्ही जीप चालवा!"

मग धरणच फुटलं. आजोबा म्हणाले, त्यांची खुंटी चिखलात बुडत होती, त्यांनी तिला वाचवलं. बाई म्हणाल्या, मैदानाच्या कडेने ट्रक जाणार असतील तर मुलांचा चेंडू आणायला काय वाहतूक पोलीस ठेवायचा? प्रत्येकजण आपापली निळी खुंटी अशी सांगत होता, जशी काही कन्या उजवली. साहेब एकेकाला 'बरोबर ना, बरोबर ना' करत दमले.

शेवटी आजोबांनी काठी उचलली. "पण पोरी, एवढी हुशार तू, मुळात रेघ बेडकांत नेलीस कशाला?"

ताईने खाली बघितलं. मग वर. "कोरड्या वाटेने आणली असती तर रस्ता दादाच्या दुकानाशी लागत होता. तुम्ही म्हणाला असता, भावासाठी रस्ता वाकवला. म्हणून मी उलटा वाकवला."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अगं बये! म्हणजे तुझ्या भावाला टाळायला माझ्या कपिलीची वाट?"

हशा असा उसळला, की साहेबही हसले आणि पहिल्यांदाच त्यांच्या वाक्याला शेपूट नव्हतं. ते म्हणाले, "रस्ता निळ्या रेघेने जाईल." भिंतीला टेकून उभा असलेला दादा हात पुसत निघून गेला.

दुसऱ्या सकाळी नव्या आखणीच्या खुंट्या ठोकून ताई घरी आली. अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती, तोच पलीकडचं दार धाडकन उघडलं. दादा! हात काळे, केस उभे. मागे वहिनी, सवयीने मध्ये यायला निघालेल्या.

"ए खुंटे!" दादा ओरडला. लहानपणची हाक. "डोळे कुठे होते तुझे? खुंटी माझ्या शेडमध्ये ठोकलीयस! बरोब्बर बाकाखाली! आता मी बसायचं कुठे?"

"शेड मागे घे."

"मागे घे म्हणे! टायर कोण उचलणार? तुझे साहेब?"

"मी उचलते. रविवारी. ड्रायव्हरलाही आणते."

"आणि बाक?"

"बाकही."

"यंत्राला हात लावायचा नाही हं. ते मी नेणार."

वहिनी दोघांच्या मध्ये उभ्या होत्या. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग दोरीखालची आपली टोपली उचलली आणि म्हणाल्या, "चला, सुटले बाई मी," आणि आत गेल्या.

दोघं मात्र बाहेरच भांडत राहिली. शेडचं तोंड आता कुठल्या बाजूला करायचं, यावरून.