कणकेने बुजवलेली फट

सोमवारी सकाळी दादाने चहा घेतला, कप विसळला आणि तो खुर्चीत बसला. साडेनऊला मी हाक मारली. तो उठला नाही.

दादा माझा थोरला भाऊ. आम्ही दोघांनीही लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर पनवेलमधल्या याच दोन खोल्यांत राहत आलो. तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका गाळ्यावर कारकून होता आणि मी कॉलेजच्या ग्रंथालयात. दर सोमवारी संध्याकाळी तो देवळातल्या भजनात पखवाज वाजवायचा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला धूम म्हणतात. तिच्यावर ओली कणीक थापावी लागते, नाहीतर खर्जातला आवाज उमटत नाही. म्हणून सोमवारी पोळ्यांसाठी कणीक मळताना मी एक गोळा जास्तीचा करायची. तो गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून तो घेऊन जायचा. इतक्या वर्षांत त्यात खंड पडला नव्हता.

त्याच्या वाजवण्याची घरात एकच कॅसेट आहे. देवळात कुणीतरी पखवाजाजवळ टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली. तो गेल्यावर तीन महिन्यांनी मी ती लावली. बुवांचा आवाज आला, टाळ आले, उजव्या हाताची थाप आली. डावा हात आला नाही.

मी कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावली. तसंच. शेजारच्या मुलीने ती फोनमध्ये उतरवून दिली, हेडफोनही दिला. त्यात धूम ऐकू येते, पण ती डोक्यात वाजते, खोलीत वाजत नाही. आणि दादा खोलीत वाजवायचा.

बिघाड कॅसेटमध्ये नव्हता, तेव्हा तो स्पीकरमध्ये असणार. आमचे स्पीकर म्हणजे दोन लाकडी खोकी, माझ्या कमरेइतकी उंच. दादाने ती जुन्या बाजारातून आणली होती. तो दर रविवारी त्यांच्याशी काहीतरी करत बसायचा. मी कधी लक्ष दिलं नाही. ग्रंथालयातून बाद झालेलं रेडिओ दुरुस्तीचं एक पुस्तक त्याच्या कपाटात सापडलं. माझ्या सवयीप्रमाणे मी त्यातली टिपणं कार्डांवर उतरवली आणि एका दिवशी एक, असं करत गेले. त्याहून जास्त होत नव्हतं.

पहिल्या दिवशी तारा पाहिल्या. एका खोक्याच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर दोन्ही स्पीकरांचे कागदी पडदे एकमेकांविरुद्ध हलतात आणि खर्ज मरतो. तारा बरोबर होत्या. दुसऱ्या दिवशी पडद्याच्या कडेचा फोम पाहिला. जुना फोम भुगा होऊन गळतो. पण हा दादाने बदललेला होता, शाबूत होता. तिसऱ्या दिवशी मी चार बोटांनी मोठा पडदा हलकेच आत दाबला आणि सोडला. खोकं हवाबंद असेल तर पडदा सावकाश परत येतो, असं पुस्तकात होतं. दोन्ही खोक्यांचे पडदे चटकन परत आले. हवा कुठून तरी जात होती.

मग मी नेरे गावच्या बुवांना फोन केला. कॅसेटवर गातात ते हेच. शेती आहे, आणि हळदी-साखरपुड्यांना स्पीकर भाड्याने देतात, त्यामुळे त्यांना यातलं कळतं. ते दुपारी आले, चहा नको म्हणाले आणि उदबत्ती मागितली. मला वाटलं दादाच्या फोटोला लावायची आहे. मी काडेपेटीही दिली. त्यांनी उदबत्ती पेटवून माझ्याच हातात परत दिली आणि उजव्या खोक्याच्या सांध्यांवरून सावकाश फिरवायला सांगितली. ते समोरून पडदा दाबत राहिले. वरचा सांधा, बाजूचे सांधे, खालचा. धूर सरळ वर जात होता. मागे, तारा जोडायच्या पाटीजवळ आल्यावर तो आडवा झाला. त्यांनी पडदा सोडला तसा धूर फटीकडे ओढला गेला.

बुवांनी चार स्क्रू काढून पाटी उचकटली. आत कडेने पिवळट काहीतरी थापलेलं होतं, वाळून तडकलेलं, किड्यांनी भोकं पाडलेलं. ते बघत राहिले आणि हसले.

"बोललो होतो त्याला, स्पंजची पट्टी लाव. तर बोलतो कसा, पट्टीचा मला भरवसा नाय, कणकेचा हाय."

पखवाजवाल्याशिवाय हे कुणाला सुचलं नसतं. कणकेने खर्ज येतो, हे त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. पखवाजावरची कणीक मात्र वाजवून झालं की खरवडून टाकायची असते, ती दर वेळी नवी लागते. इथे त्याने ती कायमची लावली होती. माझ्याच कुठल्यातरी सोमवारच्या गोळ्यातली.

त्या कणकेवर अंगठ्याचे ठसे होते. एकाशेजारी एक, कडेने सगळीकडे. मी बुवांना म्हटलं, राहू दे, पाटी परत लावा.

बुवांनी पाटी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "ताई, आवाज पायजे का कणीक पायजे? दोनी नाय मिळनार."

मी चाकू आणला. ते खरवडायला लागले तेव्हा मीच त्यांच्या हातून घेतला. एक तुकडा तरी अखंड निघेल असं वाटलं होतं. निघाला नाही, हातात पीठ झालं. फट पुसून बुवांनी खिडकीला लावतात ती चिकट स्पंजची पट्टी लावली आणि स्क्रू आवळले. पडदा दाबला, तो सावकाश परत आला. मग ते चाकू उचलून डाव्या खोक्याकडे वळले. मी म्हटलं, ते नको.

"अर्धाच भाऊ ऐकनार काय?"

त्यांनी चाकू ओट्यावर ठेवला आणि चहा चालेल म्हणाले.

ते गेल्यावर मी उजव्या खोक्याजवळ बसून कॅसेट लावली. धूम आली. फरशीतून पायांना लागली. दादा पोटाला पखवाज लावून पलीकडे बसला असावा इतकी. बाजू संपत आली तेव्हा ती पुन्हा बारीक होत गेली. मला वाटलं पट्टी सुटली. उठून पडदा दाबला. तो सावकाशच परत आला. तेवढ्यात कॅसेटवर टाळ थांबले, भांड्याचा आवाज झाला, आणि पुढच्या भजनात धूम पहिल्यासारखी आली. त्याची कणीक वाळत आली होती. त्याने पाण्याचा हात लावला होता.

आता सोमवारी एक गोळा जास्तीचा होतो, त्याची मी पोळी करते. उजव्या खोक्यातून धूम येते. डाव्यात कणीक आहे.