न दिसलेल्या ताऱ्यांचे फोटो

आखाडा बाळापूरच्या बाजारात एक जुना फोटो स्टुडिओ आहे. दिवाळी उलटल्यावर कुठल्याशा अर्जासाठी मला पासपोर्ट फोटो हवे होते, म्हणून मी तिथे गेलो. स्टुडिओचे मालक साठीच्या पुढचे; सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं. भिंतीवर नवरा-नवरीचे, बारशाच्या लेकरांचे फोटो होते आणि त्यांच्यात एक काळी चौकट होती. जवळ जाऊन पाहिलं तर खाली हळदीचं शेत, आणि त्याच्यावर धुरकट पांढरा पट्टा.

"चाचा, हे काय?"

"आकाशगंगा. आपल्या इथलीच हाय. लग्नाचं काम करून येऊन राहिलो होतो, वाटेत गाडी बंद पडली. कॅमेरा जवळच होता."

मला वाटलं, चाचा थट्टा करतायत. माझं सगळं आयुष्य या तालुक्यात गेलं होतं आणि डोक्यावर असा पट्टा मी कधी पाहिला नव्हता. मी तसं म्हणालो. ते म्हणाले, "गावात लाइटी हायत, म्हणून दिसत न्हाई. माळावर चला एकदा."

मी हिंगोलीच्या एका कार्यालयात लिपिक आहे. सकाळी मोटारसायकलवर जायचं, संध्याकाळी परत यायचं. घरात आम्ही दोघंच, मी आणि बायको. आम्हाला मूल नाही. संध्याकाळ झाली की मी टीव्हीसमोर बसायचो आणि जेवून झोपायचो. चाळिशीत कसला छंद लावून घेईन असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं. पण ती काळी चौकट डोक्यातून जाईना. आठवडाभराने मी पुन्हा स्टुडिओत गेलो. चाचांनी कपाटातला एक जुना कॅमेरा आणि तिपाई काढून दिली. "लग्नाला आता हा कॅमेरा कुणी मागत न्हाई. तुमी घेऊन जा, शिका."

अमावास्येच्या आसपास आम्ही तिघं गावाबाहेरच्या माळावर गेलो. चाचा त्यांच्या स्कूटीवर आणि बायको माझ्या मागे. ती म्हणाली होती, "तुमी एकटेच काय बघणार, मी बी येते."

चाचांनी शिकवायला सुरुवात केली. अंधारात कॅमेऱ्याला आपोआप फोकस लागत नाही. एखादा ठळक तारा पडद्यावर मोठा करून घ्यायचा आणि तो बारीकात बारीक टिंब होईपर्यंत भिंगाची कडी हळूहळू फिरवायची. मग पंधरा-वीस सेकंद कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवायचं. बटण बोटाने दाबलं की कॅमेरा हलतो, म्हणून टायमर लावायचा. मी हौसेने एक मिनिट ठेवलं, तेवढ्यात तारे सरकले आणि सगळ्यांच्या शेवया झाल्या. बायको हसली. मीही हसलो. तिथवर सगळं छान चाललं होतं.

मग चाचा म्हणाले, "पूर्वेला बघा. कृत्तिका. किती मोजता येतात?"

बायकोने मान वर केली. "सहा. थांबा, सात हायत वाटतं."

मी त्याच दिशेला बघत होतो. तिथे मला काहीच दिसत नव्हतं. बऱ्याच वेळाने एक पुसटसा ठिपका आल्यासारखा वाटला आणि गेला.

"सहा," मी म्हणालो.

नंतर चाचांनी डोक्यावर बोट केलं. तिथे दुसरी एक आकाशगंगा आहे, म्हणाले, आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची, आणि नुसत्या डोळ्याला कापसाच्या बारक्या पुंजक्यासारखी दिसते. "थेट बघू नका. जरा बाजूला नजर ठेवा, मंग दिसल. डोळ्याच्या कडेला अंधारातलं जास्त कळतं."

मी थेट बघितलं. मग बाजूला बघितलं. बाजूला बघितलं की होते ते तारेही जात होते. बायको मात्र लगेच म्हणाली, "व्हय, दिसलं. पांढरं पांढरं."

"दिसलं," मीही म्हणालो.

"कुणीकडं हाय?" तिने विचारलं.

मी हात वर केला आणि कुठेतरी बोट दाखवलं. तिने माझ्या बोटाकडे बघितलं. चाचांनी तिपाई आवरली. गाडीकडे परत जाताना मी एका दगडाला अडखळलो, तेव्हा तिने माझं मनगट धरलं आणि गाडीपर्यंत सोडलं नाही.

खरं म्हणजे अडखळणं मला नवं नव्हतं. लहानपणी संध्याकाळी मी बाजेला धडकायचो, पाण्याची घागर लाथाडायचो. घरात मला धांदरट म्हणायचे आणि मीही स्वतःला तसंच समजत आलो. अंधारात सगळ्यांनाच एवढंच दिसत असेल असं मी धरून चाललो होतो; बाकीच्यांची नजर पोचते तिथवर माझी पोचत नाही, हा विचार कधी मनात आला नाही. लोक तारे मोजतात ते सवयीने म्हणतात, असं मला वाटायचं.

त्या रात्रीनंतर मी हट्टाला पेटलो. ढग नसले की रोज माळावर. भिंगावर दव साचायचं, मी मऊ फडक्याने पुसायचो. शेतीची वीज रात्री येते, त्यामुळे कुणीतरी बॅटरी घेऊन पाणी द्यायला निघायचं आणि माझ्या फोटोतून उजेडाची रेघ ओढून जायचं. फोटो मात्र हळूहळू जमत गेले. घरी आल्यावर मोबाईलवर मोठे करून बघायचो तेव्हा त्यांत शेकडो तारे असायचे. त्यांतले दहा-बारा मी पाहिलेले होते. बाकीचे कुठून आले? मी ठरवलं की कॅमेऱ्याला जास्त दिसतं, त्यात विशेष काय. चाचांना मी काही विचारलं नाही. बायकोला तर नाहीच.

पौष महिन्यात एका संध्याकाळी हिंगोलीहून परत येत होतो. कळमनुरी मागे पडलं होतं. दिवस नुकताच मावळला होता. मी दिवा लावला होता, वेगही फार नव्हता. एकदम गाडीच्या डाव्या बाजूला कशाचा तरी धक्का बसला. मी कशीबशी गाडी थांबवली. मागे रस्त्याच्या कडेला एक म्हातारी खाली बसली होती आणि तिचा कडब्याचा भारा रस्त्यावर पसरला होता. भाऱ्याला धक्का लागला होता, तिला नाही. हातपाय तिने स्वतःच चाचपून बघितले.

"काहून रे बाबा, येवढी मी दिसली न्हाई का?" ती म्हणाली. रागावून नाही. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

मी तिचा कडबा गोळा करून दिला. गाठ तिनेच मारली. ती मला अजिबात दिसली नव्हती. उशिरा दिसली असती, अंधुक दिसली असती, तर मी काहीतरी कारण शोधलं असतं. पण रस्ता माझ्या लेखी मोकळा होता.

घरी पोचायला मला दुप्पट वेळ लागला. बायको दारातच उभी होती. मी चप्पल काढायच्या आधीच सांगितलं, "मला त्या दिवशी काहीच दिसलं नव्हतं. कृत्तिका पण नाही."

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुमी भलतीकडंच बोट केलं होतं. मी म्हणलं, तुमीच सांगाल."

नांदेडच्या डोळ्याच्या दवाखान्यात मला एका गोल भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. समोर बारीक ठिपके चमकतील, दिसला की हातातलं बटण दाबायचं. सुरुवातीला मी दाबत होतो. मग बराच वेळ काही आलंच नाही. मला वाटलं, यंत्र बंद पडलं. तिथली मुलगी म्हणाली, "चालू आहे काका, लक्ष द्या."

डॉक्टर बाई मवाळ होत्या, पण त्यांनी काही लपवलं नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या ज्या पेशी अंधारात बघायला लागतात त्या हळूहळू मरत चालल्या होत्या. मधली नजर चांगली आहे, कडेची जात आहे. औषध नाही. किती वर्षं लागतील सांगता येत नाही. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, आजपासून. मग त्यांनी विचारलं, "आई-वडील नात्यातले होते का?"

"व्हय. वडिलांनी मामाची मुलगी केली होती."

"भावंडं?"

"एक बहीण."

"तिलाही दाखवून घ्या," त्या म्हणाल्या.

मी कॅमेरा चाचांना परत द्यायला गेलो. खोटं बोललो होतो तेही सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या काळ्या चौकटीकडे बघितलं. मग म्हणाले, "मी तुमाला बाजूला बघा म्हणत होतो." एवढंच. कॅमेरा त्यांनी घेतला नाही. मी तो घरी आणून कपाटात कपड्यांच्या मागे ठेवून दिला. मला त्याचा राग आला होता. तो नसता तर आणखी काही वर्षं मला काही कळलं नसतं, आणि तेच बरं होतं असं मला तेव्हा वाटायचं. म्हातारी आठवली की पुढे विचार करवत नसे.

साहेबांना सांगून मी कार्यालयातून थोडं लवकर निघायला लागलो. मोटारसायकल सुटली, एसटीने ये-जा सुरू झाली. संध्याकाळी बाहेर पडणंच बंद केलं. पुढे हळद शिजवायचे दिवस आले, कढयांचा धूर गावावर बसून राहायचा. आभाळ तसंही दिसणार नव्हतं, आणि मला ते बरंच वाटत होतं.

बहिणीला मात्र मी सांगत नव्हतो. वारंगा फाट्याच्या पुढच्या एका गावात तिला दिली आहे, मोठं घर, शेती, सासू-सासरे, दीर. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि दर रविवारी मी पिकापाण्याचं विचारून फोन ठेवायचो. बायको म्हणायची, "सांगून टाका." मी म्हणायचो, सांगतो. सांगितलं की तिच्या घरात काय होईल याची मला भीती वाटत होती. आणि ती घाबरली की मी आणखी घाबरेन, ही दुसरी भीती.

चैत्रात धूर ओसरला. एके पहाटे बायकोने मला उठवलं. तिने कपाटातून कॅमेरा काढला होता, बॅटरी भरून ठेवली होती. "मला घेऊन चला. मला ते जमत न्हाई, फोकसचं. आभाळ मी दाखवते."

"मला नाही यायचं."

"तुमी नका बघू. मला बघायचं हाय."

आम्ही बॅटरीच्या उजेडात माळापर्यंत चालत गेलो. कुठे काय आहे ते ती सांगायची आणि मी तिपाई तिकडे वळवायचो. पडद्यावरचं टिंब मला अजून स्वच्छ दिसत होतं, फोकस मीच लावला. वीस सेकंदांनी जो फोटो आला त्यात क्षितिजापासून वर चढत गेलेला तोच पट्टा होता, चाचांच्या भिंतीवरचा. मी मान वर केली. मला चार-पाच तारे दिसले. पुन्हा पडद्याकडे बघितलं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण एवढं सगळं रोज डोक्यावर होतं आणि मी त्याच्याखालून नुसता चालत राहिलो होतो.

सकाळी मी तो फोटो बहिणीला पाठवला. विचार करून नाही, कुणाला तरी दाखवायचा म्हणून. थोड्या वेळाने तिने लिहून विचारलं, "दादा, आभाळ खरंच असं असतं का?"

मी लिहिलं, "म्हणतात. मला दिसत नाही."

लगेच फोन वाजला. मी सगळं सांगितलं, यंत्र, डॉक्टर, नात्यातलं लग्न.  

मग ती हळू आवाजात म्हणाली, "मला बी न्हाई दिसत. लग्नाच्या आधीपासून."

दिवे लागायच्या आत ती सगळा स्वयंपाक उरकायची. घरातून गोठ्यापर्यंतची पावलं तिने मोजून ठेवली होती. रात्री अंगणात जायची वेळ आली की भूत दिसतं म्हणायची, आणि सासरचे तिला भित्री म्हणून चिडवायचे. तिने ते चालू दिलं होतं. आंधळी म्हणण्यापेक्षा भित्री म्हटलेलं परवडलं, असं ती म्हणाली.

"मला का नाही सांगितलं?"

"तू काहून न्हाई सांगितलं?" तिने विचारलं. 

पुढच्या आठवड्यात माहेरचं काम आहे सांगून ती वारंगा फाट्यावर आली. मी बाळापूरहून तिथे उतरलो आणि दोघं नांदेडच्या गाडीत बसलो. दवाखान्यात ती त्याच यंत्रासमोर बसली. दार अर्धवट उघडं होतं. बाहेर बाकावर मला बटणाचा आवाज ऐकू येत होता. टिक. टिक. मग खूप वेळ काहीच नाही. मी मनात म्हणत होतो, दाब, अगं दाब. तिचं माझ्यापेक्षा जास्त गेलं होतं.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. ऊन होतं, तोवर तिला सगळं दिसत होतं. ती शेतं बघत होती. फाटा जवळ आल्यावर म्हणाली, "तुझ्या दाजींना आज सांगते. तू चल संगं."

मी गेलो. दाजी ओसरीवर होते. तिने उभ्याउभ्याच सांगितलं, न रडता. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. सासूबाई आतून बाहेर आल्या. कुणी आवाज चढवला नाही. "आमाला फसवलं," एवढं सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. दाजींनी विचारलं, "आता बी दिसत न्हाई का, या वक्ताला?"

सूर्य कलला होता. "अंधुक," ती म्हणाली.

ते उठले आणि गोठ्याकडच्या खांबावर बल्ब लावायला तार शोधू लागले. मला शेवटची बस गाठायची होती, उजेड असताना. मी निघालो. सासूबाई अजून तिच्याशी नीट बोलत नाहीत. रविवारी फोन येतो तेव्हा ती आधी सांगते, आज काय काय झालं घरात, आणि मी ऐकतो.