सूर्यासारखा तारा आणि माझी तेलाची बाटली

"तारा बिघडलाय, की तुम्ही बिघडलात?" विभागप्रमुख सरांनी वही टेबलावर टाकत विचारलं.

वैशालीताईनं वही उचलून घेतली. मी दाराशी हातात पान्हा घेऊन उभा होतो.

मी औरंगाबादच्या एका कॉलेजात फिजिक्स डिपार्टमेंटचा मेकॅनिक. शहराचं नाव तेव्हा हेच होतं. त्याआधी सहा वर्षं वाळूजला एका कंपनीच्या टूलरूममध्ये होतो. मूळचा लासूर स्टेशनकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. आकाशातला चंद्र आणि शुक्राची चांदणी, एवढीच माझी ओळख. ताई एम.फिल. करत होती आणि तिच्यासाठी मी एक यंत्र बनवलं होतं.

यंत्राचं नाव फोटोमीटर, म्हणजे उजेड मोजायचं मीटर. दुर्बिणीतून आलेला ताऱ्याचा उजेड आधी निळ्या काचेतून मोजायचा, मग पिवळ्या. या काचांना फिल्टर म्हणतात. दोन्ही आकडे ताडून पाहिले की ताऱ्याचा रंग कळतो, आणि रंगावरून तो किती तापलेला आहे तेही कळतं. ताईचा तारा होता टाऊ सेटी. सूर्यापेक्षा थोडा लहान, किंचित जास्त पिवळा, बाकी सूर्याच्याच जातकुळीतला. त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला बारा वर्षं लागतात.

"मामा, हा म्हणजे आपला शेजारीच," ताई म्हणायची.

बारा वर्षांच्या वाटेवरचा शेजारी! मला हसू यायचं. पण डिसेंबरात संध्याकाळी आठला गच्चीवर गेलं, की क्रांती चौकाकडचे दिवे भगभगत असतानाही ती नेमकं त्याच्याकडे बोट दाखवायची. मंदसा ठिपका, सांगितल्याशिवाय कुणाचं लक्ष जाणार नाही असा. तिला तो गर्दीत आपला माणूस दिसावा तसा दिसायचा. मला तिचं फार कौतुक वाटायचं.

पण आकडे जुळेनात. निळा उजेड पुस्तकातल्यापेक्षा कितीतरी कमी भरायचा. महिनाभर हेच. आमच्या मीटरचं ऐकायचं, तर हा तारा सूर्यासारखा नव्हताच.

"सोमवारी कमिटी येतेय," सर म्हणाले. "घरगुती यंत्रावर संशोधन होत नाही, हे मला त्यांना सांगावं लागेल. यंत्र मोडा. तू लायब्ररीतला एखादा विषय घे."

"सर, तारा कशाला बिघडेल? चूक इथंच कुठंतरी आहे," ताई म्हणाली. "मला शनिवारपर्यंत वेळ द्या."

सरांनी दिला. जिना उतरताना ती म्हणाली, "मामा, ज्याचा रंग आपल्याला पक्का माहीत आहे असा एकच तारा आहे. सूर्य."

"ताई, दुर्बीण सूर्याकडं लावली तर मीटर जळंल. डोळाबी जाईल."

"म्हणून तर सूर्य बारीक करून द्या मला."

आता सूर्य काही लेथवर चढत नाही. पण मला सायकलचा छर्रा आठवला. चकचकीत छर्रा उन्हात धरला, की त्यावर सूर्याचा एक बारीक टिपका दिसतो. शुक्रवारी मैदानापलीकडच्या पाण्याच्या टाकीवर मी छर्रा चिकटवला आणि मागचा उजेड येऊ नये म्हणून पाठीमागे काळी छत्री उघडून ठेवली. इतक्या जवळचं दिसावं म्हणून दुर्बिणीला एक जादा नळी करून बसवली. भर दुपारी आम्ही त्या टिपक्याचा उजेड मोजला.

निळा उजेड कमी. अगदी ताऱ्याइतकाच कमी. सूर्यसुद्धा सूर्यासारखा निघेना.

ताईनं टाळी वाजवली. "मामा, वाचलो! तारा बरोबर आहे. चूक यंत्रात आहे."

यंत्र मी केलेलं. माझं तोंड उतरलं.

ती छत्री आणायला टाकीकडे गेली. मी फिल्टरची पोलादी रिंग काढून पांढऱ्या कागदावर धरली. कडेला चहाच्या रंगाचा ओघळ होता. बघताक्षणी ओळखला. टूलरूममध्ये घासलेलं लोखंड उघडं ठेवणं म्हणजे पाप. काम झालं की गंज न चढण्याचं तेल लावायचं आणि मगच ठेवायचं. गच्चीवरच्या दवात रिंग गंजेल म्हणून मी दर शनिवारी तिला तेल लावत होतो. ते हळूहळू काचेवर उतरून वाळलं होतं. निळ्या काचेवर डोळ्याला दिसत नव्हतं, पण निळा उजेड खात होतं.

स्पिरिटची बाटली शेजारीच होती. दोन मिनिटांत पुसून टाकलं असतं, तर कुणाला पत्ता लागला नसता. तसं मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण मग महिनाभर आकडे का चुकले, हे त्या पोरीला जन्मात कळलं नसतं.

ती परत आली तेव्हा रिंग तिच्या हातात दिली. "ताई, हे माझं काम हाय. तेल मीच लावलं. तुमचा महिना मी मातीत घातला."

तिनं रिंग उजेडाकडे धरून तो ओघळ पाहिला. मी बोलणी खायच्या तयारीत होतो.

"मामा, पहिल्यांदा कधी लावलं?" तिनं विचारलं.

टूलरूमची दुसरी सवय जॉब कार्डाची. काय काम केलं, कुठल्या तारखेला, हे लिहायचंच. खिळा ठोकला तरी कार्ड. मी कार्डं काढली. ताईनं तारीख पाहिली आणि वही उघडली. त्या तारखेआधीच्या तीन संध्याकाळचे आकडे तिनं स्वतःच खोडले होते, पुढच्या आकड्यांशी जुळेनात म्हणून नवखेपणाची चूक समजून. तेच बरोबर होते.

आम्ही काच पुसली. शनिवारी संध्याकाळी तारा पुन्हा मोजला. त्या तीन दिवसांशी आकडे जुळले. सूर्यापेक्षा किंचित पिवळा, हवा होता तसाच.

सोमवारी ताईनं कमिटीपुढे सगळं सांगितलं, चुकलेला महिनाही. एका परीक्षकांनी विचारलं, "तेल लावलं कुणी?" मी मागच्या बाकावरून उभा राहिलो.

"आणि तारीख कुणी लिहून ठेवली?"

"तेबी मीच, सर."

त्यांनी छर्रा बघायला मागितला. तो हातोहात फिरला. बाहेर पडताना सर माझ्याजवळ थांबले. "मामा, यंत्र मोडू नका," एवढंच म्हणाले.

हुशार माणसं मी पुष्कळ पाहिली. पण दुसऱ्याची चूक हातात आल्यावर ओरडायच्या आधी तारीख विचारणारी ही एकटीच.

बारा वर्षं चालत आलेला उजेड शेवटच्या वीतभर वाटेत मी अडवला होता. तेव्हापासून काचेजवळ तेलाची बाटली नेत नाही. कार्ड मात्र अजून भरतो.