राजीखुशीने दिले

१९७२. तान्ह्या पोळ्याचा दिवस, सकाळ. वर्ध्याजवळचं सेलू, आमच्या घराचा ओटा. हजर : माझा नवरा, सुतार. सासू. लाकडाच्या वखारीचे दिवाणजी आणि दोन हमाल. समोर अर्धी गल्ली. आणि मी, घरात लिहिता येणारी एकटीच.

तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात. ते बैल करायला नवऱ्याने वखारीतून सागवान उधार आणलं होतं. त्या वर्षी बैल खपले नाहीत. देणं होतं. ते मी तेव्हाही नाकारलं नाही, आजही नाही.

आमच्या गल्लीत एक रीत होती. वसुलीवाल्याचा पाय उंबऱ्याच्या आत पडला की घराची इज्जत गेली. म्हणून तो येणार कळलं की घरच्यांनीच सामान ओट्यावर आणून मांडायचं. सासूने पाण्याचा पितळी गुंड आदल्या दिवशी चिंच लावून घासला होता. घरातून जाणारं भांडंही चकचकीत हवं. लोक पाहतात.

दिवाणजी आमच्याच खाटेवर बसले.

"सून सातवी शिकली म्हन्ते. लिव यादी."

मी लिहिली. रंधे तीन. वाकस एक. पटाशा पाच. करवती दोन. गुंड एक. त्यांनी एक न खपलेला बैल उचलून बगलेत मारला. "हा नको लिवू. नातवाले खेळाले."

मग म्हणाले, "खाली लिव, राजीखुशीने दिले."

माझा हात थांबला.

"काऊन? मास्तरनं एवढं शिकवलं नाई का?"

गल्ली हसली. मी लिहिलं. नवऱ्याने खाली अंगठा उमटवला, लगेच. कागद दिवाणजींच्या खिशात गेला.

हत्यारं गेलेला सुतार हमाल होतो. आठ दिवसांत नवरा त्याच वखारीत ओंडके वाहू लागला. त्याचा रंधा तिथे दुसऱ्याच्या हातात चालायचा. घरी येऊन तो एवढंच सांगायचा, "आज धार बोथट होती."

मला झोप लागत नसे. दिवसा याद्या करायचे. किराण्याची, भांड्यांची, कोण काय घेऊन गेलं त्याची. आणि प्रत्येक यादीखाली ते दोन शब्द दिसायचे. माझ्याच अक्षरात.

१९८४. तालुक्याला बायकांसाठी कायद्याचं शिबिर. महिला मंडळाची चिटणीस म्हणून मी पहिल्या रांगेत, वही घेऊन. वर्ध्याहून आलेल्या वकीलबाई सांगत होत्या : उधारी असली तरी सावकाराच्या माणसाने घरातून वस्तू उचलून न्यायची नाही. आधी कोर्टात जायचं. आणि कोर्टालाही कारागिराची हत्यारं, स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही.

मी उभी राहिले. "आणि घरच्यांनीच ओट्यावर आणून मांडलं तर?"

बाई म्हणाल्या, "मग ते म्हणतात, त्यांनीच दिलं. म्हणून मांडू नका."

मी खाली बसून ते वहीत लिहिलं. बारा वर्षं मी दिवाणजींना शिव्या दिल्या. ओट्यावर मात्र आम्हीच मांडलं होतं. गुंड घासून.

पुढच्याच साली दिवाणजी शेजारच्या अनसूयाकाकूंकडे आले. काकू विधवा. शिलाई मशीनवर तीन पोरं जगत होती. पोरीच्या लग्नात मंडपाला वखारीतून बल्ल्या आणि फळ्या घेतल्या होत्या, त्याची उधारी. मी पोचले तेव्हा काकू मशीन ओढत उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या.

"काकू, थांबा. आत न्या."

"अवं, तो आत येईन ना! लोक काय म्हन्तीन?"

"येऊ द्या आत. मी हाय."

दिवाणजींनी मला ओळखलं. "वा! सूनबाई आली. अक्षर चांगलं हाय इचं. लिव."

"लिवते." मी वही उघडली. "तारीख लिवली. तुमचं नाव लिवलं. कोनी पाठवलं?"

"वखारीच्या शेठनं. ठावं नाई का तुले?"

"कोर्टाचा हुकूम?"

त्यांनी मशीनवर हात ठेवला.

"हुकूम नाई, असं लिवलं. आता खाली सही करा, अन् न्या मशीन."

"म्या काऊन सही करू?"

"सातवीत एवढंच शिकवलं व्हतं, दिवाणजी. जो नेते, थो सही करते."

या वेळी गल्ली हसली नाही. कोणी हललंही नाही. दिवाणजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. "नवऱ्याले कामावरून काढीन," म्हणाले आणि गेले. मशीन आत गेली. काकू मंडळामार्फत हप्त्याने देणं फेडतात, पावती घेऊन.

नवऱ्याला त्यांनी खरंच काढलं.

आता उरलेलं काम. शेठच्या नावाने अर्ज लिहून तयार आहे : १९७२ चा कागद परत द्या, तीन रंधे, एक वाकस, पाच पटाशा, दोन करवती, एक गुंड आणि यादीत न लिहिलेला एक बैल परत द्या. वकीलबाई म्हणाल्या, दाव्याची मुदत गेली. गेली असेल. मागणी तरी कागदावर येऊ दे.

नवरा अंगठा देत नाही. "आपनच तं देल्लं व्हतं," म्हणतो. "आता कोन्या तोंडानं मांगाचं?"

त्या कागदावर त्याने लगेच दिला होता.

मी रोज संध्याकाळी अर्ज त्याच्यासमोर ठेवते. शेजारी शाईचा पॅड, झाकण काढून. तो उठून जातो. मी झाकण लावते. उद्या पुन्हा काढीन.