खंडेनवमीला चाललेला जनरेटर

आधी एक सांगून ठेवतो. भूत, करणी, अंगात येणं यातलं मी काही मानत नाही. आमच्या मालवणात प्रत्येक पिंपळाखाली कोणी ना कोणी बसलेलं असतं म्हणतात. त्या सगळ्या पिंपळांखाली मी लहानपणी दुपारचा झोपून आलोय... कोणी उठवलं नाही. शाळा चौथीपर्यंत. पण उभा जन्म मशीनसमोर काढला, आधी परळला मिलमध्ये आणि मिल बंद पडल्यावर घाटकोपरला वर्कशॉपमध्ये, लेथवर. मशीन बिघडलं तर त्याला कारण असतं, चाललं तरी कारण असतं. मागच्या दसऱ्यापर्यंत हे मी छातीठोक सांगायचो.

इथे बहुतेक लोक रात्रीचे अनुभव लिहितात. माझा भरदुपारचा आहे. मुलुंड पूर्व, आमची जुनी सोसायटी, मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीजवळ. ऊन एवढं की सिमेंटवर पाय ठेववत नव्हता.

माझी बायको सुशीला. तिची फुफ्फुसं दमली आहेत. घरी हवेतून ऑक्सिजन काढणारं एक मशीन आहे, त्याची नळी नाकाला लावूनच तिचा दिवस जातो. ते मशीन लाईटवर चालतं, बॅटरी नाही त्याला. आणि तिची थोरली बहीण आचऱ्याला अंथरुणाला खिळलेली. "तायेक एकदा बघून येतंय, मग माझा काय व्हायचा ता होवंदे," हे सुशीला रोज म्हणायची. पण गावाला लाईट कधी जाईल नेम नाही, आणि वाटेत तर लाईटच नाही. नेणार कशी?

मुलगा नितीन आणि सून केतकी, दोघांनी मिळून तोड काढली. गाडीच्या मागे जोडायचा एक जुना कॅम्पर ट्रेलर घेतला. आत बिछाना, ओटा, छोटा फ्रीज, पंखा, दोन बाजूंना खिडक्या. मी त्याला घरगाडी म्हणतो. डॉक्टर म्हणाले, न्या, पण लाईट खंडता कामा नये. म्हणजे जनरेटर आला, आणि तिथेच माझं आणि केतकीचं वाजलं.

घाटकोपरच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. मी सरळ मोठ्या जनरेटरपाशी जाऊन उभा राहिलो. लोखंडी पाईपची चौकट, चाकं, दोरी ओढली की आख्खी गल्ली जागी होईल असा. गणपतीला आमच्या मंडळात तसलाच असायचा.

"हा घे," मी म्हटलं.

"आप्पा, हा नाही. तो." तिने बोट दाखवलं तो एक लाल डबा होता, वरती मूठ असलेला. प्रवासाची पेटी वाटावी.

"ह्या टिफिनच्या डब्यातून करंट निघणार?"

"त्या मोठ्याच्या करंटमध्ये चढउतार फार. ट्यूबलाईटला चालतो, आईंच्या मशीनला नाही चालणार. हा इन्व्हर्टरवाला आहे, घरच्यासारखा सरळ करंट देतो."

"मी तुझ्या वयाचा होतो तेव्हापासून मोटरी बघतोय!"

"मग आज अजून एक बघा."

आणि ही पोरगी काय करून आली होती माहितीये? सुशीलाचं मशीन दुरुस्त करणाऱ्याकडून तसलंच दुसरं मशीन तासाभरासाठी मागून, रिक्षात घालून दुकानात आणलं होतं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एवढं कोणी करत नाही." ती म्हणाली, "कोणाची सासू त्यावर श्वास घेत नसेल." आधी मोठा चालू करायला लावला. दुकान थरथरलं, श्वासाचं मशीन दोन-चार फुसकारे टाकून ठणाणा शिटी मारायला लागलं. मग लाल डबा. श्वासाचं मशीन सुरू होताना झटका खातं, तेव्हा हा क्षणभर घुमला, जोर लावला, आणि मग एका लयीत चालू. मी माझा कटिंगचा ग्लास त्याच्या डोक्यावर ठेवला. चहावर बारीक लहर आली, बाहेर थेंब नाही.

मनात म्हटलं, कारागिरी आहे ही. आणि केतकीलाही मानलं. तोंडाने नाही सांगितलं, तशी सवय नाही. उचलून मीच बाहेर आणला, तिला हात लावू दिला नाही.

किती भार पडणार तेही तिने धरलं होतं. श्वासाचं मशीन, पंखा, दिवा, फ्रीज, बस. नितीनला एसी हवा होता, तिने तिथल्या तिथे कापला. धूर ट्रेलरमध्ये शिरू नये म्हणून जनरेटर लांब ठेवायचा, वारा बघून, त्यासाठी लांबलचक केबल. सगळं झकास जमलं होतं.

दसऱ्याला निघायचं ठरलं. आदल्या दिवशी खंडेनवमी. आता तरुण मुलांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. त्या दिवशी हत्यारांची, मशीनची पूजा. मिलमध्ये आम्ही साचे, म्हणजे माग, पुसून लख्ख करायचो, हार घालायचो आणि त्या दिवशी चालवायचो नाही. वर्षभर राबतं, त्याला एक दिवस विसावा. वर्कशॉपमध्ये तर आमचा मालक इंजिनची टाकी रिकामी करायला लावायचा, म्हणजे कोणाला मोह नको.

मी तसंच केलं. सकाळी जनरेटर पाण्याच्या टाकीजवळ सावलीत मांडला, ट्रेलर तिथेच थोडा लांब उभा होता. नळीने पेट्रोल काढलं, नितीनच्या गाडीत ओतलं. खालचा स्क्रू सोडून कार्बोरेटरही ठिपका ठिपका करून रिता केला. टाकीतून पांढरं फडकं फिरवलं आणि फडकं टाकीच्या तोंडातच ठेवून झाकण लावलं. हळद-कुंकू, झेंडूचा हार. नारळ फोडून गाऱ्हाणं घातलं, "आमच्या बायकोक सुखरूप ने आणि परत हाड." ह्यात माझं काय चुकलं असं कोणी म्हणत असेल तर म्हणो. पूजा अशीच करतात.

जेवणं झाल्यावर सुशीला म्हणाली, "उद्या झोपूचा हा त्या बिछान्यार, आज बसून बघतंय." लिफ्ट नाही आमच्याकडे. तिला खुर्चीत बसवून आम्ही खाली आणलं. ट्रेलरमध्ये श्वासाचं मशीन ठेवलं, वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढून लावलं. ती खिडकीशी बसली, पाय पसरले, राणीसारखी. नितीन गाडी घेऊन ऑक्सिजनचा सिलिंडर भरून आणायला गेला. प्रवासात जोडीला तोही हवा होता.

तो जाऊन थोडा वेळ झाला असेल, मोठा फाट्ट आवाज झाला आणि लाईट गेली. आख्ख्या गल्लीची. श्वासाच्या मशीनची शिटी सुरू झाली.

केतकीने एका उडीत वायर काढून जनरेटरच्या केबलला लावली. "आप्पा, ओढा दोरी!"

"टाकी कोरडी आहे."

"काय?"

"आज खंडेनवमी."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "आप्पा, तुम्ही ना..." पुढचं गिळलं तिने. पाण्याची बाटली ओतून टाकली, वॉचमनकडची नळी घेतली आणि पुढच्या बाजूला स्कूटर उभ्या असतात तिकडे पळाली.

सुशीला ओठांचा चंबू करून श्वास सोडत होती, तिला शिकवलंय तसं. पण वर येणारा खांदा मला दिसत होता. बोटांची नखं निळसर. तशात माझ्याकडे बघून हसली. "माका काय झाला... तर तायेक सांगा... मशीनीक सुट्टी होती म्हणान."

बेचाळीस वर्षांच्या संसारात असा टोमणा बसला नव्हता.

मी जनरेटरपुढे जाऊन बसलो. टाकी माझ्या हाताने रिती केलेली, तरी मी दोरी का धरली, मला विचारू नका. हात रिकामे राहवेनात. मुठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "ऊठ बाबा." दोरी ओढली. हलकी आली, रिकाम्या इंजिनाची येते तशी. पुन्हा ओढली.

चालू झाला.

खोकला नाही, अडखळणं नाही. दुकानात ऐकली होती तीच लय. हारातला झेंडू बारीक थरथरत होता. ट्रेलरमधली शिटी बंद झाली, श्वासाचं मशीन घुमायला लागलं. मी तिथूनच ओरडलो, "गो, येता काय वारो?" तिने बोलायच्या ऐवजी हात वर केला.

केतकी बाटलीत पेट्रोल घेऊन धावत आली आणि जागच्या जागी थांबली. "म्हणजे पेट्रोल होतं, आप्पा! केवढी पळवलीत मला!"

"नव्हतं."

"मग हा काय हळद-कुंकवावर चालतोय?"

"झाकण उघड, बघ."

"चालू मशीनचं झाकण उघडतात का कधी?" तेही बरोबर. आम्ही दोघं शेजारी उकिडवे बसलो. पेट्रोलचा वास नाही. धूर नाही. मी सायलेन्सरपुढे हात धरला. तिथे चटका बसायला हवा... तर वारा येत होता, कोमट. माणसाने तळहातावर फुंकर मारावी तसा. केतकीचा हात धरून तिथे नेला. तिने झटकन मागे घेतला.

भात शिजून निवेल एवढा वेळ तो चालला. लाईट आली. केतकीने आत जाऊन वायर बदलली, सुशीलाची नखं बघितली, "ठीक आहेत" म्हणून ओरडली, तेव्हा मी खटका बंद केला. जनरेटरच्या अंगाला हात लावला. गार. झाकण उघडलं. फडकं घडी घातली तसंच. पांढरं, कोरडं. केतकीने ते नाकाला लावलं, टाकीत मोबाईलचा उजेड पाडला, मग तिथेच फरशीवर मांडी घालून बसली. "आप्पा, नितीनला मी हे कसं सांगू?"

नितीन आला, सगळं ऐकून हसला. कार्बोरेटरमध्ये राहिलं असेल म्हणाला. मी म्हटलं, राहिलं असेल तर ओढ दोरी. त्याने ओढली. ओढून ओढून खांदा धरून बसला. जनरेटर ढिम्म. खिडकीतून सुशीला म्हणाली, "आता तरी त्येका बसान दे रे." मग आम्ही त्याला तसाच हारासकट ठेवला. नंतर दुकानदाराला विचारलं, ओळखीच्या दोन मेकॅनिकना विचारलं. ऐकून घेतात आणि माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतात. बघोत. कोरडी टाकी मी हाताने पुसलेली आहे.

दसऱ्याला पेट्रोल भरून निघालो. वाटेत जनरेटर बाकी जनरेटरसारखाच वागला. पेट्रोल प्यायचा, तापायचा, धूर सोडायचा. आचऱ्याला पोचलो. बहिणीच्या खाटेशेजारी सुशीलाची खुर्ची लावली. दोघी आधी रडल्या, मग लगेच कोणाच्या तरी लग्नातल्या वड्यांवरून भांडायला लागल्या. लाईट येत-जात होती, जनरेटर अंगणातून साथ देत होता.

पण माझ्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. मिलमध्ये सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावलं तर त्याच्या बदल्यात दुसऱ्या दिवशी सुट्टी द्यावी लागायची. ती आम्ही भांडून घेतलेली. पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना सांगितलं, "आज जनरेटरला बदली सुट्टी. त्याची खंडेनवमी आपण खाल्ली."

नितीन उसळला. "आप्पा, डोकं ठिकाणावर आहे का? इथे दिवसातून चारदा लाईट जाते!"

"भरलेला सिलिंडर आहे ना? लाईट गेली तर तो लावू."

"मशीनला कसली बदली सुट्टी!"

तेव्हा केतकी बोलली. हातातलं काम न सोडता. "मिळायला पाहिजे त्याला. मी सिलिंडर आईंच्या पायाशी आणून ठेवते." तिनेच परसातली जास्वंद तोडून आणली आणि जनरेटरच्या मुठीत खोवली.

त्या दिवशी लाईट गेली नाही. एकदाही नाही. बहिणीचा नवरा सारखा बल्बकडे बघायचा आणि म्हणायचा, "ह्या काय नवीनच!" दोघी बहिणी दिवस मावळेपर्यंत बोलत होत्या. सिलिंडरला कोणी हात लावला नाही. आता लाईटीला कोणी सांगितलं होतं? मला ठाऊक नाही. कोरडी टाकी चालली कशी, तेही नाही. रोज विचार करतो, मशीनचा माणूस आहे, पण धागा सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळत होतो आणि फट्कन लाईट गेली. मी अंगणात गेलो, टाकी भरलेली आहे बघितलं, जास्वंद काढून बाजूला ठेवली आणि दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला कामावर हजर.