वातींचा कापूस

माझी बायको गेली त्याच्या नऊ दिवस आधी ती आमच्या सशिणीला टोपलीत घालून एस.टी.ने माहेरी, वडनेर भोलजीला जाऊन आली होती. तिच्या भावाकडे नर ससा होता. संध्याकाळी जळगाव जामोदला परतल्यावर चहा पिताना ती बराच वेळ काहीबाही सांगत होती. मी वाचत होतो. मधूनमधून हं म्हणत होतो.

तेरावं झालं, पाहुणे गेले. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पुढच्या एका तारखेखाली तिच्या अक्षरात एकच शब्द दिसला : पेटी. शेजारच्या वहिनींना विचारलं.

"सशीन पोटुशी हाये न तुमची भाऊजी," त्या म्हणाल्या. "महिन्याभरानं वेते. पेटी ठेवा लागते पिल्लांसाठी. एवढी पुस्तकं वाचता अन् घरातलं माहीत नाई?" मग त्यांनीच जीभ चावली.

तिने आखून ठेवलेलं हे शेवटचं काम होतं. ते माझ्याकडून नीट व्हायला हवं होतं. त्या दिवसांत मला दुसरं काही नकोच होतं. त्या तारखेला मी आंब्याच्या पेटीत वाळलेलं गवत घालून ती पिंजऱ्यात ठेवली. कोथिंबीर, गाजर, स्वच्छ पाणी दिलं. सशीण गवत तोंडात धरून इकडून तिकडे नेत राहायची.

तीन दिवसांनी सकाळी पाहिलं तर पेटीत चार पिल्लं होती. गुलाबी, उघडी, डोळे मिटलेली, बोटाएवढी. आईच्या छातीवरचे केस उपटलेले होते आणि त्याच केसांचा गोळा पिल्लांभोवती पडला होता, रक्ताने चिकटलेला. मला वाटलं, तिला काही रोग झालाय. थंडी होती. मी तो सगळा गोळा काढून मागच्या भिंतीपलीकडे, लिंबाखाली टाकला.

त्या जागी मऊ, कोरडं काय घालायचं? देवघरात तिचा डबा होता. माहेरच्या शेतातला कापूस, हाताने सरकी काढून, पिंजून ठेवलेला. दर श्रावणाआधी ती त्याच्या वाती वळायची. मी सगळा डबा पेटीत रिकामा केला. पांढऱ्या ढगात पिल्लं दिसेनाशी झाली. बऱ्याच दिवसांनी काहीतरी बरं केलंय असं वाटलं.

सशीण दिवसभर पेटीकडे फिरकली नाही. तेही मला ठाऊक नव्हतं, की ती पहाटे काही मिनिटंच पाजते. मी घाबरून दर तासाला कापूस बाजूला करून पाहायचो आणि पुन्हा नीट झाकायचो.

तिसऱ्या दिवशी दोन पिल्लं थंडगार लागली. कापसाचे तंतू पीळ पडून त्यांच्या मानेभोवती दोऱ्यासारखे आवळले होते. तिसऱ्याच्या पोटाभोवती तसाच फास होता. कात्री आणेपर्यंत तेही हलायचं थांबलं. चौथ्याच्या मागच्या पायाला वेढा होता आणि पाय निळा पडला होता. तो वेढा कापून मी पाय सोडवला.

मेव्हण्याला फोन केला. तो दुपारच्या गाडीने आला. त्याने वाकून पेटीत पाहिलं.

"कापूस टाकत असतात काय दाजी? तिचीच लव राहू द्या लागते."

"मला माहीत नव्हतं."

"ताईनं सांगतलं नाई काय तुमाले? वडनेरले आली तवा मीच सांगतलं होतं तिले. ताई म्हने, मी घरी गेल्यावर तुह्या दाजीले सांगतो, मी बाहेरगावी असली त पाहतील."

"सांगितलं असेल," मी म्हणालो.

तो मान खाली घालून तंबाखू मळत बसला. मी मागे गेलो. लिंबाखाली तो गोळा अजून पडला होता, पाचोळ्यात आणि काड्यांत अडकलेला. उकिडवा बसून मी एकेक काडी वेचून केस वेगळे केले. ओंजळभर निघाले. पेटीतला कापूस काढून ते उरलेल्या पिल्लावर घातले आणि पिंजऱ्यापासून दूर झालो.

ते जगलं. पाय मात्र मुळापासून गेला. आता ते अंगणात तीन पायांवर फिरतं. त्याची आई अजून मी जवळ गेलो की कोपऱ्यात सरकते.

देवापुढे दिवा मी लावतो. वाती विकत आणतो. तिचा डबा तसाच रिकामा आहे. त्यात मी काही भरलेलं नाही.