स्लॅबवरचं पाणी

साईटच्या साहेबांनी बादली उचलली आणि आईच्या डोक्यावर पालथी केली.

"पाणी असं मारायचं, समझी क्या? असं!"

थंडीतली सकाळ. बदलापूरला शिरगावात एका बिल्डिंगचं काम चालू होतं. आम्ही तिथंच पत्र्याच्या खोलीत राहायचो. आई स्लॅबवर उभी. साडी अंगाला चिकटलेली. मिस्त्री, सेंट्रिंगवाले, सगळे बघत होते. कुणीतरी हसलं. बापानं हात जोडले. ओली आई होती आणि माफी तो मागत होता.

आईचा गुन्हा एवढाच. नव्या स्लॅबला भरपूर पाणी मारावं लागतं, नाहीतर चिरा पडतात. ते तिचं काम. पण ती बादलीतून तांब्या तांब्यानं घालायची. जपून. पाईप मोकळा सोडायला तिचा हात धजावत नव्हता. पडल्या चिरा.

कसा धजावेल? आम्ही मराठवाड्यातले. गावात टँकर आला की आई हंड्यासाठी भांडायची. अंघोळीचं पाणी परातीत धरून भांड्यांना वापरायची. आमचं रान नव्हतं. दुसऱ्याचा कापूस वेचायचा, त्यावर चूल पेटायची. विहिरी आटल्या तसं मालकानं रान पडीक टाकलं. पडीक का होईना, त्याला रान होतं. आमच्याकडं नुसते हात. पाणी नाही म्हणून गाव सुटलं, आणि इथं सिमेंटला पाणी पाजायची मजुरी मिळत होती. आईला ते पाप वाटायचं.

दुपारी खोलीत ती कुडकुडत म्हणाली, "एवढं पाणी आपल्या गावाला असतं तर कशाला आलो असतो, माय?"

मी सोळाची होते. आईच्या जागी पाईप धरायला बाहेर गेले. साहेब जेवून उठले होते. त्यांनी खरकटे हात पुढं केले.

"ए, हातावर पाणी घाल."

पाईप माझ्या हातात होता. पाणी वाहत होतं.

"नाही घालणार."

"क्या बोली?"

"नाही घालणार. आईच्या अंगावर ओतलं ना, तसं घ्या तुमचं तुम्ही."

संध्याकाळी खोली खाली करायला लावली. काम गेलं की छप्परही गेलं, साईटवर तसंच असतं. बापानं भर रस्त्यात माझ्या थोबाडीत मारली आणि मग तोच रडत बसला. परत जावं तर गावात काय होतं? अंबरनाथला दुसरी साईट मिळाली. तिथं साहेबही तसलाच मिळाला.

खोटं कशाला सांगू, काही बदललं नाही. आज मी परत बदलापुरात, हेंद्रेपाड्यातल्या साईटवर स्लॅबला पाणी मारते. आमच्याकडची माणसं अजून येतात, अजून तांब्यानंच पाणी घालतात. त्यांना मी आधी पाईप सोडायला शिकवते. साहेब लोक अजून हात पुढं करतात. मी पाईप खाली ठेवते.

काम जाईल. छप्पर जाईल. जाऊ दे. सिमेंटला घालीन, त्यांच्या हातावर नाही.